एकवीस खिशांची पँट आणि तीन कार्डं

आधीच सांगून ठेवतो, माझ्या कंबरेची ही गोष्ट ऐकून आजवर एकही माणूस ‘हो’ म्हणालेला नाही आणि तुम्हीही म्हणणार नाही. डॉक्टर नाही म्हणाले, एक्स-रे काढणारा नाही म्हणाला, खुद्द एक्स-रेसुद्धा नाही म्हणाला. तरी ती खरी आहे. माझी कंबर धरली ती पाकीट हलकं झाल्यामुळे.

हे वाक्य मी टाकलं तेव्हा फिजिओबाई माझ्या पाठीखाली शेकाची गरम पिशवी सरकवत होत्या.

“पाकीट हलकं झालं की सगळ्यांचीच कंबर मोडते, आजोबा,” त्या म्हणाल्या.

“तसं नव्हे. पैसे होते तेवढेच होते. कार्डं कमी झाली.”

“पाय सरळ ठेवा,” म्हणून त्यांनी घड्याळाची कळ फिरवली आणि त्या बाहेरच्या खोलीत गेल्या.

गोष्ट सांगायला त्या खोलीसारखी जागा दुसरी नाही. तीन पलंग, मध्ये हिरवे पडदे, आणि घड्याळ वाजेपर्यंत कुणाला उठायची परवानगी नाही. माझ्या डावीकडे गुडघेबाई होत्या. आयुष्यभर किराणा दुकान चालवून गुडघे झिजलेले, त्यांना आता तारा चिकटवलेल्या. जीभ मात्र अजून पहिल्या दिवसासारखी चालते. उजवीकडे एक मानेचे गृहस्थ. त्यांना आम्ही मानकरी म्हणतो. हनुवटीखालून पट्टा घालून त्यांचं डोकं वर ताणलेलं असतं, त्यामुळे त्यांना होकार देता येत नाही आणि नकारही देता येत नाही. श्रोता असावा तर असा.

“सांगा मास्तर,” गुडघेबाई पडद्यापलीकडून म्हणाल्या. “तारा निघेपर्यंत मी कुठे पळते.”

मास्तर म्हणजे मी टेलर मास्तर. उभं आयुष्य लोकांच्या पँटी बेतल्या. दुकान बंद केलं तरी कापायचं टेबल, मोठी कात्री आणि लाकडी पुतळा मी घरी आणला. आता कार्डं माझ्याकडे कशी आली ते ऐका. दुकान चालू होतं तेव्हा एक टायवाला बाह्या आखूड करून घ्यायला आला. मी त्याच्या बाह्या आखूड केल्या आणि त्याने माझी बुद्धी. जाताना तो मला एक क्रेडिट कार्ड आणि एक छत्री देऊन गेला. म्हणाला, मास्तर, तुम्ही खर्च करायचा आणि बँक तुम्हाला पैसे परत देणार, ह्याला कॅशबॅक म्हणतात. मी म्हटलं, खर्च तर आम्ही असाही करतोच. फुकट ते पौष्टिक. द्या.

पुढच्या खेपेला दुसरं कार्ड, सोबत थर्मास. मग तिसरं, सोबत बॅग. आवळा देऊन कोहळा काढतात म्हणतात ना, तसं. फक्त आवळे इतके चांगले होते की कोहळ्याकडे माझं लक्षच गेलं नाही. घरात बॅगा इतक्या झाल्या की बॅगा ठेवायला बॅग पुरेना. किराण्याचं कार्ड वेगळं, औषधांचं वेगळं, पेट्रोलचं वेगळं. विमानाचं एक होतं. मी विमान पाहिलंय, पण खालून. आणि एक होतं पाळीव प्राण्यांच्या खाऊवर शेकडा सात परत देणारं.

“तुमच्याकडे कुत्रा आहे?” गुडघेबाई.

“नव्हता. पण शेकडा सात सोडवेना. म्हणून मी शेजाऱ्याच्या कुत्र्याला खाऊ घालायला लागलो. तो महिनाभरात सामानासकट आमच्याकडे राहायला आला.”

“कुत्र्याचं कसलं सामान?”

“सतरंजी आणि एक चेंडू. स्वतः तोंडात धरून आणला.”

गुडघेबाई पलीकडून नुसत्या खोकल्या. मी ती संमती समजलो.

तर अशी एकवीस कार्डं झाली. पाकीट मिटेना. मागच्या खिशात ठेवून खुर्चीवर बसलो की मी असा कलायचो, की शेजारच्याला वाटायचं ह्याला कानात काही सांगायचंय. निम्म्या गावाची गुपितं मला त्या दोन वर्षांत कळली ती ह्यामुळेच. पण शिंप्याला खिशाचं कोडं पडतं होय? मी एक पँट शिवली. एकवीस खिशांची. उजव्या हाताला किराणा, त्याच्याखाली औषधं, मांडीवर फोन आणि वीज, गुडघ्याजवळ पेट्रोल, मागे प्रवास, पोटरीला कुत्रा. कुठलं कार्ड कुठे हे डोक्यात ठेवायची गरजच नाही, हात आपोआप जायचा. दुकानात पैसे द्यायची वेळ आली की मी एकेका खिशाला हात लावत खाली जायचो आणि मागच्या रांगेला वाटायचं म्हाताऱ्याच्या अंगावर मुंगळा चढला. दोघांनी तर माझी पाठ झाडून दिली.

इथवर सगळं झकास चाललं होतं. मग मी दुसरी पँट शिवली, पहिली धुवायला टाकल्यावर घालायला. तिथे घात झाला. कापड दुमडून टेबलावर टाकलं ते नेमकं उलट्या अंगानं. कापताना कळलं नाही, शिवताना कळलं नाही. पँट बाहेरून दृष्ट लागण्यासारखी, आतला सगळा नकाशा मात्र आरशात पाहावा तसा. उजवीकडचं डावीकडे.

“एवढा अनुभवी मास्तर आणि ही चूक?”

“बाई, नवशिका दोन्ही पाय डावे कापतो. अख्खी पँट उलटी कापायला अनुभव लागतो.”

उजवीकडून मानकऱ्यांच्या पट्ट्यात काहीतरी खुसखुसलं.

मग काय विचारता. हात सवयीनं जायचा आणि भलतंच कार्ड वर यायचं. महिनाभर आम्ही बटाटे विमानाच्या कार्डावर घेतले, विजेचं बिल कुत्र्याच्या कार्डावर भरलं, आणि माझी रक्तदाबाची गोळी पेट्रोलच्या. कुठल्याच कार्डानं एक पैसा परत दिला नाही. वर दोन बिलांची तारीख हुकली, कारण ती दोन कार्डं धुवायच्या पँटीत राहिली होती आणि कार्ड डोळ्यांसमोर नाही म्हणजे बिलही नाही असा माझा समज. त्यावर लागलं व्याज.

आणि इथे माझी सून गोष्टीत येते. ती एका कारखान्याच्या ऑफिसात लोकांचे पगार काढते. दीडशे माणसांचा पगार ती चहा थंड व्हायच्या आत काढते, आणि चहा तर ती गरमच पिते. एका संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर सगळी बिलं पसरली. मला समोर बसवलं. शेजारी आमची ही, म्हणजे माझी बायको, शेंगा सोलत बसली होती. तिला तिकीट काढावं लागलं नाही एवढंच.

“बाबा,” सून म्हणाली, “वर्षभरात कॅशबॅक आला एवढा.” तिने मीठ उचलावं तशी चिमूट दाखवली. “आणि कार्डांची फी आणि व्याज गेलं एवढं.” तिने एक हात फ्रिजकडे केला, दुसरा दाराकडे. “कॅशबॅक आपण घेत नाही आहोत. देतोय.”

“बॅगा आल्या त्या धर की,” मी म्हटलं.

“बॅगा धरूनच सांगतेय.”

मग ती एकदम मऊ आवाजात बोलली, आणि सुनेचा आवाज मऊ झाला की सासऱ्यानं सावध व्हावं.

“असं करू या बाबा. कार्डं आणि पाकीट माझ्याकडे द्या. तुम्हाला लागतील तेवढे पैसे मी सकाळी कामावर जाताना तुमच्या हातावर ठेवत जाईन. तुमच्या डोक्याला ताप नको.”

हे ऐकून मी खिशावर हात दाबून धरला, हे मी तुम्हाला सांगतो कारण तुम्ही परके आहात. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, गिऱ्हाइकाकडून उचल घेतली नाही, त्यानं रोज सकाळी दाढी करून सुनेपुढे उभं राहायचं? आणि काय म्हणायचं? आज जरा वर्तमानपत्र घ्यायचंय? मी बायकोकडे पाहिलं. म्हटलं, हिला तरी काही वाटेल.

“मी होते की तुमच्यापुढे त्या रांगेत उभी एवढी वर्षं,” ती शेंग फोडत म्हणाली. “सवय होते. पाय फारसे दुखत नाहीत.”

“शाबास,” गुडघेबाई पलीकडून म्हणाल्या. “ही बाई मला भेटवा.”

मी विषय पुढे रेटला. तेव्हाही तेच केलं होतं. मी सुनेला म्हटलं, मला एक महिना दे. घराला लागतील तेवढीच कार्डं ठेवतो. महिन्याच्या शेवटी हिशेब कर. व्याजाचा एक पैसा लागलेला दिसला, किंवा फीचा त्या महिन्याचा वाटा वजा जाऊन हातात काही उरलं नाही, तर पाकीट तुझं. उरलं तर माझं, आणि हा विषय पुन्हा ह्या टेबलावर यायचा नाही.

“आणि नवं कार्ड एकही घ्यायचं नाही,” सून म्हणाली. “कसलीही बॅग मिळाली तरी.”

“नाही.”

“हातावर हात मारा.”

मारला.

आता लोक कार्डं कशी घेतात? तयार कपडे घेतात तशी. काचेमागे पुतळ्याला छान दिसतंय, घाला अंगात. मी शिंपी माणूस. माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही. म्हणून मी घराचं माप घेतलं. लाकडी पुतळा खोलीच्या मध्ये उभा केला आणि गेल्या वर्षाच्या सगळ्या पावत्या त्याच्या अंगावर टाचण्यांनी लावायला बसलो. खाण्यापिण्याच्या पोटावर, औषधांच्या छातीवर, वीज आणि फोन डोक्याला, पेट्रोल पायांना, प्रवास पाठीवर, बाकीचं सटरफटर हातांना. दुपारपर्यंत पुतळ्याचं पोट इतकं सुटलं की तो पुढे झुकायला लागला. त्याला मागून दोरीनं खिडकीला बांधावं लागलं. पाय काटकुळे, पाठ तर उघडी. बायको चहा घेऊन आली, पुतळ्याकडे पाहून म्हणाली, “अगदी तुमचा भाऊ.”

पण माप मिळालं. पोट मोठं, म्हणजे पहिलं कार्ड पोटाचं: किराण्यावर सगळ्यांत जास्त परत देणारं. डोकं आणि छाती मध्यम, म्हणजे दुसरं कार्ड बिलांचं आणि औषधांचं. आणि हातांवरचं सटरफटर कशातच बसत नव्हतं. कधी बल्ब, कधी चप्पल, कधी कुणाला भेट. त्याला तिसरं कार्ड, अंगभर येणारं. कुठेही घासा, कशावरही घासा, सरसकट थोडं परत. कमी देतं, पण कधी नाही म्हणत नाही. घरातल्या थोरल्या सुनेसारखं.

“आणि पेट्रोलचं?”

“शेकडा पाच द्यायचं. पण पाचाचे पाच टक्के म्हणजे किती? पाय बघा ना त्या पुतळ्याचे. वर त्या कार्डाची वर्षाची फी. नाकापेक्षा मोती जड. गेलं ते.”

गुडघेबाईंच्या पलंगाचा आवाज झाला. त्या कोपरावर उठल्या असणार. “एक सांगू का मास्तर? आमच्या दुकानात तुमच्यासारखा एखादा कार्ड घासायचा ना, तेव्हा बँक माझ्या पैशांतून कापून घ्यायची. तुम्ही ज्याला कॅशबॅक म्हणता ते माझ्या गल्ल्यातून निघालेलं असायचं.”

“म्हणून तर मी तुमच्याशी इतक्या आदरानं बोलतो.”

“आदर नको, माझे पैसे द्या.”

उरलेली अठरा कार्डं बंद करणं हे खरं मर्दुमकीचं काम. आधी एकेकाचं बिल संपवलं, अडकलेला कॅशबॅक काढून घेतला, मग फोन. पहिल्या बँकेतली मुलगी म्हणाली, सर, आमचं काय चुकलं? मी म्हटलं, पोरी, तुझं काही चुकलं नाही, आपलं जमत नाही. दुसऱ्या बँकेनं दुप्पट पॉइंट देऊ केले. तिसरीनं फोनवर इतका वेळ गाणं लावून ठेवलं की बायकोला ते पाठ झालं, अजून भांडी घासताना म्हणते. आठव्या बँकेचा साहेब जातीनं घरी आला आणि म्हणाला, मास्तर, तुम्ही गेलात तर आमचा आकडा पडतो. मी त्याला चहा पाजला, बाही जरा लांब होती ती टाचून दिली आणि परत पाठवला.

मग मोठी कात्री. सोनेरी कार्ड कापताना तिला खाच पडली. विमानाचं कार्ड कापलं तर अर्धा तुकडा टेबलावर पडला आणि अर्धा खिडकीतून निघून गेला, थेट वर. कुत्र्याचं कार्ड कापलं त्या संध्याकाळी कुत्र्यानं सतरंजी उचलली आणि शेजारी परत गेला. राग नाही, काही नाही. व्यवहार संपला होता.

“आणि कंबर?” फिजिओबाई मानकऱ्यांचा पट्टा बघायला आत आल्या होत्या. त्या थांबल्या.

“तेच सांगतोय. एवढी वर्षं उजवीकडे कलून जगलेला माणूस, त्याच्या खिशात एकदम तीनच कार्डं. तोल राहील कसा? पहिल्या सकाळी पाव आणायला सरळ निघालो आणि पोस्टात पोचलो. पुन्हा निघालो, पुन्हा पोस्टात. तिसऱ्या वेळी पोस्टातल्या बाईनं मला खुर्ची दिली. शरीर डावीकडे वळत होतं आणि कंबर म्हणत होती उजवीकडे. त्या ओढाताणीत धरली.”

“मी कागदावर ‘जड पुतळा उचलला’ असं लिहिलंय,” फिजिओबाई म्हणाल्या.

“ते सुनेनं सांगितलं असेल. तिला थोडक्यात सांगायची सवय आहे.”

पहिले दोन आठवडे लोण्यातून सुरी फिरावी तसे गेले. पाव, भाजी, साबण, सगळं पोटाच्या कार्डावर. औषधं आणि वीज दुसऱ्यावर. चपलेला टाका घातला तो तिसऱ्यावर. बिलं पूर्ण भरायची तजवीज बँकेतच करून ठेवली, म्हणजे तारीख पँटीत राहायचा प्रश्न नाही. रोज संध्याकाळी सून नुसती विचारायची, “काय बाबा?” आणि मी नुसतं म्हणायचो, “काय नाही.”

मग व्याही राहायला आले.

व्याही म्हणजे सुनेचे वडील. व्याही हा पाहुणा नसतो, ती तपासणी असते. माणूस मोठा गोड, पण सकाळी लांबवर फिरून येतो आणि फिरून आल्यावर जे खातो ते फिरण्याच्या दुप्पट. पुतळ्याचं पोट फुगलं नसेल एवढी आमची पिशवी फुगायला लागली. आणि पोटाच्या कार्डाला एक मर्यादा होती. महिन्यात एका आकड्यापर्यंत ते भरघोस परत देतं, त्यापुढे अगदी चिमूटभर. ही अट टायवाला सांगत नाही. ती बारीक अक्षरात असते, आणि बारीक अक्षर वाचायचा चष्मा त्या छत्रीसोबत फुकट मिळत नाही.

मी व्याह्यांना घेऊन सुपरमार्केटात गेलो. ट्रॉली काठोकाठ. पैसे घेणारी मुलगी एकेक वस्तू यंत्रावरून सरकवत होती, मी मनात बेरीज करत होतो. बिस्किटांचा पुडा गेला आणि मी म्हटलं, थांब पोरी. इथपर्यंतचं ह्या कार्डावर. ह्याच्या पुढचं ह्या तिसऱ्या कार्डावर, ते न कंटाळता सरसकट देतं. ती म्हणाली, अहो, अजून चीज राहिलंय. मी म्हटलं, चीज मर्यादेच्या पलीकडे आहे. मॅनेजर आला. त्यानं तपासलं. मर्यादा त्या पुड्यातल्या शेवटच्या बिस्किटावर संपत होती. मागच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

“बिस्किटावर?” गुडघेबाई.

“तुटकं होतं ते. अर्ध्यावर म्हणा.”

त्या दिवशी घरी येताना पिशवी व्याह्यांनी उचलली. अगदी आदरानं.

आणि त्याच आठवड्यात कपडे धुवायचं यंत्र बंद पडलं. घरात व्याही, पलंगावर चादरींचा ढीग, सून कामावर. ती फोनवर म्हणाली, “बाबा, बघून घेऊन या. मला आज सुटता येणार नाही.” म्हणजे महिन्यातला सगळ्यांत मोठा खर्च, आणि तो माझ्या हातात. मी आणि व्याही यंत्रांच्या मोठ्या दुकानात गेलो. चार पायऱ्या, सरकतं दार, आत यंत्रं अशी ओळीनं उभी की सैन्याची सलामी. एक पसंत केलं. पैसे द्यायला काउंटरवर गेलो, तर समोर कोण? टायवाला. बँक सोडून आता इथे लागला होता. बाह्या मीच केलेल्या.

“मास्तर,” तो म्हणाला, “तुमच्याकडून मी असे पैसे घेऊ? आमच्या दुकानाचं कार्ड घ्या. सही केली की यंत्रावर आत्ताच शेकडा दहा कमी. आणि ही.”

त्यानं काउंटरच्या खालून बॅग काढली. निळी. चार चाकं, चारही गोल फिरणारी. त्यानं तिला एका बोटानं ढकललं आणि ती आपली आपण माझ्याकडे आली, ओळखीची असल्यासारखी. माझ्या पायाशी थांबली.

मी पेन हातात घेतलं. खोटं कशाला बोलू, घेतलं. व्याही माझ्या कानाशी म्हणाले, “घ्या हो. शेकडा दहा म्हणजे थोडे नाहीत. कोण बघतंय?” स्वतः सुनेचा बाप म्हणतोय. मी त्या कागदाकडे पाहिलं. पहिलं वर्ष फी नाही, पुढे दर वर्षी आहे. आणि ते कार्ड त्या एका दुकानापुरतं. यंत्र माणूस घेतो दहा-बारा वर्षांतून एकदा. म्हणजे एका कपड्यासाठी अख्खं कपाट घरी न्यायचं. आणि हातावर हात मारलेला.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, बाबा रे, माझ्या घराचं माप घेऊन झालंय. ह्यात हे बसत नाही. आणि तिसरं कार्ड पुढे केलं.

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मग पाण्याच्या यंत्रापाशी उभी असलेली एक बाई पुढे आली, तिनं पर्समधून एक कार्ड काढलं आणि म्हणाली, मास्तर, हे माझ्या मापाचं आहे का बघा. तिच्या मागे दुसरा. संध्याकाळपर्यंत रांग रस्त्यावर गेली होती. शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानातल्या कात्र्या संपल्या. टायवाल्यानं स्वतःच्या खिशातली नऊ कार्डं काढून माझ्यासमोर ठेवली, आणि ढसाढसा रडत टाय सैल केला.

“आणि बॅग?” गुडघेबाईंनी विचारलं.

“बॅग नाही घेतली.”

“चार चाकांची म्हणता.”

“चारही गोल फिरणारी.”

“आणि सोडलीत.”

“सोडली. ती दारापर्यंत माझ्या मागे आली, पण सरकतं दार मिटलं.”

मानकऱ्यांनी पट्ट्यातून एक लांब सुस्कारा सोडला. सहानुभूतीचा असावा.

महिना संपला. रविवारी सकाळी सून कॅल्क्युलेटर घेऊन बसली. बायको शेजारी, व्याही खिडकीशी. एकेक बिल बघितलं. व्याज नाही. फीचा वाटा वजा केला. तरी शिल्लक. तिनं पुन्हा केलं. तरी शिल्लक, उलट पहिल्यापेक्षा जास्त. कॅल्क्युलेटरची बॅटरी संपली तेव्हा तिनं बोटांवर केलं. मग ती उठली. पाकीट बाहीनं पुसलं आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरलं. म्हणाली, बाबा, माझं चुकलं. पाकीट तुमचं. यापुढे घरखर्चाला मीच तुमच्याकडे मागत जाईन. बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सुनेच्या ऑफिसातली दीडशे माणसं मापं द्यायला दारात. पुतळा आता बँकवाले भाड्यानं मागताहेत, पण मी देत नाही. आणि त्या रविवारपासून आजपर्यंत पाकीट माझ्या खिशात आहे, तीन कार्डं त्यात आहेत, आणि मी कुणापुढे हात केलेला नाही.

घड्याळ वाजलं. फिजिओबाईंनी पिशवी काढली, पडदे बाजूला सारले आणि गुडघेबाईंच्या तारा सोडवायला घेतल्या. गुडघेबाई उठून बसल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही समोरासमोर आलो.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “कुत्र्याचं मी खरं धरलं. विमानाचं कार्ड उडालं, तेही धरलं. पण मघाशी बाहेर तुमच्या मागे मीच उभी होते. तुमच्या सूनबाईंनी इथले पैसे भरले, बसचे सुटे तुमच्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, ‘सरळ घरी या बाबा, त्या यंत्रांच्या दुकानाकडे फिरकू नका, ते चौथं कार्ड बंद करण्यात माझी अख्खी सुट्टी गेलीय.’ ते सुटे तुम्ही अजून घट्ट धरून बसलायत. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गोष्ट संपेपर्यंत मी हे काढलं नाही.”